मोहोळनंतरचे तीन टक्के

मुनीर,

परवा तुझ्या दुकानाचं शटर मी उघडलं. नसीमभाभींनीच किल्ली पाठवली होती. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत गाडी लावली, कुलूप काढलं, शटर वर ढकललं. ते नेहमीसारखं अर्ध्यात अडकलं. तू जिथं लाथ मारायचास तिथं मी लाथ मारली, तसं गेलं वर. मला वाटलं होतं, आत पाऊल टाकलं की काहीतरी होईल मला. काही झालं नाही. पंखा लावला आणि तुझ्या स्टुलावर बसलो.

तेवीस दिवस झाले. लोक विचारतात, कसा आहेस. मी म्हणतो, बरा आहे, आणि ते खोटं नाही. जेवतो, झोपतो, चिंचोळीला ड्युटीवर जातो, कारखान्यातली मीटरं तपासतो. तुझ्या डोक्यातली शीर फुटली असं डॉक्टरांनी सांगितलं, त्यानंतर चार दिवस मी दवाखान्याच्या त्या मॉनिटरवरचे आकडेच वाचत होतो. दुसरं काय येतं मला? चौथ्या दिवशी आकडे उरले नाहीत. तुला मूठमाती दिली आणि हात धुतले. घरी आलो तर अम्मा तेलुगूत म्हणाली, "रड की रे एकदा." मी अंघोळ करून जेवायला बसलो.

दुकान उघडायचं कारण काळे मॅडमची गाडी. त्या मोहोळच्या, जनावरांच्या डॉक्टर. खेडोपाडी गाईम्हशी तपासायला मोटरसायकलवर फिरतात आणि गाडीची हौस दांडगी. त्यांनी ओपन फिल्टर आणि नवा सायलेन्सर बसवून घेतला होता. सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी नळी काढून द्या म्हणाल्या असतील, आणि तू नाही म्हणाला असशील. "आवाज म्हंजी ताकद न्हाय," हे तुझं ठरलेलं वाक्य. यावरून आपण किती वर्षं भांडलो! मला तो धडधडाट आवडायचा. तू म्हणायचास, "व्यंक्या, आवाज पाहिजे तर बँडवाला हो की." ट्यूनिंग मात्र अर्ध्यावर राहिलं होतं. गाडी स्टँडवर, टाकीवर तुझं फडकं, सायलेन्सरमध्ये धुरावरून मिश्रण मोजणारा सेन्सर तसाच घुसवलेला.

भाभींनी निरोप दिला होता, "त्या बाईंचं गाडीवाचून अडलंय. लॅपटॉप तुम्हालाच येतो."

मला लॅपटॉप येतो हे तुझ्यामुळंच तर. कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणाऱ्या, इंजेक्शनच्या गाड्या आल्या तेव्हा सगळे म्हणाले, आता गॅरेजवाले संपले, आता कंपनीचा कॉम्प्युटरच सगळं करणार. तू एक जुना लॅपटॉप घेऊन माझ्या दारात आलास. शाळेत आपण एका बाकावर, पण शाळा सुटल्यावर कित्येक वर्षं नुसती रस्त्यातली भेट होती. "यातलं इंग्रजी वाचून दाखव," म्हणालास. "सेन्सर तुला कळतात, इंजिन मला कळतंय. दोघं मिळून एक मेकॅनिक होतोय का बघू."

मी तांत्रिक भाषेत समजावत होतो. सायलेन्सर मोकळा केला, फिल्टर मोकळा केला की इंजिनात हवा जास्त येते, पण गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल जुन्याच हिशोबानं सोडतो, मग मिश्रण लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, वगैरे. तू मध्येच थांबवलंस. "म्हंजी भाकरीचं पीठ जास्त घेतलं आन पाणी तेवढंच. भाकरी फाटणारच की." त्यानंतर मी कुणालाही हे समजावताना भाकरीच सांगत आलो.

रविवारी सकाळी मोहोळच्या बाजूला जायचो, आठवतंय ना. तू चालवायचास, मी मागं बसून मांडीवर लॅपटॉप धरायचो. लीन दिसलं की तुझ्या खांद्यावर एक थाप, पेट्रोल जास्त दिसलं की दोन. लोक बघून हसायचे. परत येऊन तू लॅपटॉपवरच्या तक्त्यातला एकेक चौकोन बदलायचास. इंजिनाचा वेग इकडं, थ्रॉटल किती पिळला ते तिकडं, आणि प्रत्येक चौकोनात पेट्रोल किती वाढवायचं त्याचा आकडा. एका वेळी एक-दोन टक्केच. मी म्हणायचो, "अरे सरळ पाच घाल." तू म्हणायचास, "मीठ हाय का, अंदाजानं टाकायला?" माझ्या गाडीला तू महिना लावलास. शेवटी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवलास. भाजलेल्या बिस्किटाचा रंग, म्हणजे मिश्रण बरोबर. "बघ," म्हणालास, "आता ही तुझ्या पोरांना पण पुरंल."

मला तेवढ्यावर समाधान नव्हतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो. जे तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं ते कागदावर सांगतोय, याची मला लाज आहे की नाही तेही कळत नाही.

इंटरनेटवर एकानं माझ्याच मॉडेलचा तयार मॅप, म्हणजे आकडे भरलेला तसाच तक्ता, टाकला होता. गाडी कशी उडते याचे व्हिडिओ होते. लॅपटॉप गाडीला जोडायची तुझी केबल माझ्याकडंच होती. शनिवारी ड्युटीवरून आल्यावर मी तुझा मॅप काढला आणि तो घातला. त्यात वरच्या वेगाला पेट्रोल कमी केलेलं होतं. लीन गाडी थोडा वेळ चपळ वाटते आणि मग इंजिन तापून जातं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी घातला. गाडी खरंच उडाली. मी खूश होतो. तू महिनाभर जे केलंस त्यापेक्षा माझ्या दहा मिनिटांनी गाडी जास्त पळते, असं मनात आलं. ते मनात आलं होतं, मुनीर.

दुसऱ्या दिवशी आपल्या ग्रुपची राइड. तुझ्या दुकानात गर्दी होती म्हणून तू आला नाहीस. उन्हाळा, रस्ता मोकळा. मोहोळ जवळ आलं तसा मी थ्रॉटल पूर्ण पिळून धरला. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. मला तो आवाज कळला. हात मागं घ्यायला दोन क्षण उशीर झाला. पिस्टन गेला, मागचं चाक क्षणभर जाम झालं, आणि माझ्यामागं असलेला ग्रुपमधला सचिन मला चुकवायला म्हणून बाजूच्या मुरमात गेला आणि पडला. गळ्याखालचं हाड मोडलं. तो तिथं मातीत बसून ओरडत होता, "कुणी केलंय ट्यूनिंग? मुनीरनं ना? माझा जीव गेला असता की आज!"

मी सचिनला पाणी दिलं. मग माझ्या गाडीची सीट काढली, खालचा ट्यूनिंगचा डबा, ज्यात मॅप असतो तो, सोडवला आणि माझ्या बॅगेत टाकला. का टाकला ते त्या वेळी मी स्वतःलाही सांगितलं नाही. तू टेम्पो घेऊन आलास. पहिल्यांदा मला चाचपून पाहिलंस, हात, पाय, मान. मग म्हणालास, "काय बदललं होतंस का?"

मी म्हणालो, "नाही."

तू पुन्हा विचारलं नाहीस. एकदाच विचारलंस. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर कदाचित मी सांगितलं असतं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. पण ते तुझ्यावरच ढकलणं झालं.

घरी जाऊन मी डब्यात तुझा मॅप परत घातला आणि सोमवारी डबा तुझ्या हातात दिला. तू त्यात आठवडेच्या आठवडे चूक शोधत बसलास. माझं इंजिन तू स्वतः खोलून नव्यानं भरलंस, संध्याकाळी एकेक तास काढून. तोवर ड्युटीला जायला मला तुझी स्कूटर दिलीस. तू सायकलवर फिरायचास. मी तुझ्या स्कूटरवरून रोज चिंचोळीला जायचो आणि रोज ठरवायचो, आज सांगू. मग दुकानापाशी आलो की तू म्हणायचास, "एमिरा व्यंक्या, चहा?" तुला तेलुगूतलं ते 'काय रे' एवढंच यायचं. मी म्हणायचो, "सांग."

चहा प्यायचो आपण. दुसरं काहीच नाही.

नंतर तुझ्याकडं इंजेक्शनची कामं कमी झाली. सचिननं सगळीकडं सांगितलं. तू पुन्हा साध्या स्कूटरच्या सर्व्हिसिंगला लागलास. दोन वर्षांनी हळूहळू गाड्या परत यायला लागल्या, आणि मला वाटलं, चला, मिटलं.

परवा काळे मॅडमच्या गाडीसाठी तुझा लॅपटॉप उघडला. आधी जुन्या फाइली पाहिल्या, तू कसं करत होतास ते पाहून पुढचं करावं म्हणून. पूर्ण थ्रॉटलच्या रकान्यात प्रत्येक गाडीला हिशोबापेक्षा बरोबर तीन टक्के पेट्रोल जास्त. सगळ्या गाड्यांना. सेन्सरची नोंद वेगळं सांगतेय आणि तू वर तीन टक्के घातलेस. शेऱ्याच्या जागी प्रत्येक फाइलीत एकच शब्द: मोहोळ. मला वाटलं, मॅडम मोहोळच्या म्हणून. पण मग दुसऱ्या गाड्यांनाही मोहोळ कसं? अक्कलकोटच्या गाडीलाही मोहोळ?

मी मॅडमना फोन लावला, तीन टक्क्यांचं विचारलं. त्या गोठ्यात असाव्यात, मागं म्हैस ओरडत होती.

"हां, ते मला माहितीये की," त्या म्हणाल्या. "मुनीरभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाले, मॅडम, आधी एक गोष्ट ऐकून घ्या, मग गाडी द्यायची का न्हाय ते ठरवा. मोहोळपाशी माझ्या हातनं एक इंजिन गेलंय. एक माणूस पडला. माझं काय चुकलं ते मला अजून सापडलेलं नाही, म्हणून मी तवापासून जरा जास्तच पेट्रोल देतो. ॲव्हरेज कमी पडंल, चालंल का?"

"तो हे सगळ्यांना सांगायचा?"

"सगळ्यांना सांगत असणार. भिंतीवर लिहिल्यासारखं पाठ होतं त्यांना. मला तेच आवडलं. म्हटलं, स्वतःची चूक सांगणारा माणूस आहे, गाडी इथंच द्यायची."

मी फोन ठेवला. पंखा फिरत होता. मी मोजलं, तशा फाइली एकोणीस होत्या. एकोणीस वेळा तू ते अनोळखी माणसांसमोर बोललास. मी एकदा बोलू शकलो नाही, आणि तेही तुझ्यासमोर.

तीन टक्क्यांनी गाडी बिघडत नाही. प्लग थोडा काळा पडतो, पेट्रोल थोडं जास्त लागतं, इतकंच. म्हणून कधी कुणाची तक्रार आली नाही.

त्या दिवशी मी मॅडमच्या गाडीला हात लावला नाही. शटर ओढलं आणि तुझ्या घरी गेलो. तुझ्यामागची इद्दत, चार महिने दहा दिवसांची, चालू आहे, म्हणून भाभी पडद्याआड बसतात. तुझी अम्मी बाहेर खाटेवर तसबीहची माळ घेऊन बसली होती. मी पडद्याकडं तोंड करून सगळं सांगितलं. सांगताना पडद्यावरची फुलं दिसत होती, निळी, धुऊन विटलेली. आत काहीच हालचाल नव्हती. मला वाटलं, भाभी उठून गेल्या की काय.

मग आतून आवाज आला. "हे त्यांना कळलं होतं?"

"नाही."

"कशावरून?"

"कळलं असतं तर त्यानं तीन टक्के घातले नसते."

"म्हणजे ते तसेच गेले."

"हो, भाभी."

त्या म्हणाल्या, "दोन महिने ताटावर बसून बोटानं आकडे काढायचे. मी म्हणायचे, अहो मशीन आहे, बिघडतं. तर म्हणायचे, मशीन न्हाय बिघडलं, मी बिघडलो. व्यंक्याचा जीव गेला असता माझ्या हातनं. पण भाई, तुम्ही का नाही सांगितलं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणू नका, भाई. माहीत असतंय."

मी म्हणालो, "आकड्यांतलं मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, असं वाटायचं मला. चूक माझी निघाली असती तर माझ्याकडं काही उरलं नसतं."

अम्मीचे मणी थांबले होते. तिला ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही.

"मी आत्ता तुम्हाला काही बोलू शकत नाही," भाभी म्हणाल्या. "रागवायला पण जोर लागतो. तो नाही माझ्यात. पण हे माझ्याकडं ठेवून जाऊ नका. ज्यांनी त्यांना नावं ठेवली त्यांच्या दारात जाऊन सांगा. आणि त्या बाईंची गाडी नीट करून द्या."

काल सकाळी मॅडमची गाडी केली. एकट्यानं. मागं बसून आकडे सांगणारं कुणी नव्हतं म्हणून थोडं जायचो, थांबायचो, वाचायचो, परत जायचो. तुझे तीन टक्के काढले. शेऱ्यात लिहिलं: मूळ हिशोब बरोबर. मॅडम घ्यायला आल्या तेव्हा त्यांनाही सांगितलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. आजारी जनावराच्या मालकाकडं बघतात तसं असावं. म्हणाल्या, "बाकी अठरा जणांना कधी सांगणार?" मी म्हणालो, एकेक करून. त्या हेल्मेट घालून गेल्या.

आज सचिनकडं गेलो. तो शाळेतून येऊन बनियनवर बसला होता. क्लार्क आहे तिथं अजून. हाड जुळलेलं आहे तिथं गाठ दिसते. मला वाटलं होतं मारेल. मीही तयारीनंच गेलो होतो, खरं सांगायचं तर मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "त्यो आला होता माज्या घरी."

"कोण?"

"मुनीरभाई. दोनदा. प्लास्टर होतं तवा. बायकोनं सांगितलं दारात उभा हाय. मी म्हनलं, सांग झोपलोय. दुसऱ्यांदा बी तेच. फळं ठेवून गेला. मी ती फळं कुणाला खाऊ दिली न्हाईत." तो माझ्याकडं बघत नव्हता, पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. "तू मला सांगितलंस, बरं केलंस. तुझं काय करायचं ते मी नंतर बघतो. पण मी आता कुणाची माफी मागू रं?"

त्यानं शर्ट घातला. "कुटं हाय त्यो?"

आम्ही कब्रस्तानात गेलो, दुपारीच. तुझी कबर अजून मातीचीच आहे, मध्ये थोडी खचलीय. कुणीतरी पाणी घातलेलं होतं, गुलाबाच्या पाकळ्या वाळून काळ्या झाल्यात. चपला काढल्या तर माती पोळत होती. सचिन आधी पुढं झाला.

"मुनीरभाई, सचिन आलोय," तो म्हणाला. उजव्या हातानं ती हाडाची गाठ चोळत राहिला. मग म्हणाला, "तुमचं कायबी चुकलं न्हवतं. मला आज कळलं." आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, पोरासारखा. मी त्याच्याकडं बघत होतो. मला त्याचा हेवा वाटला.

मग मी बोललो. वाटेत काय काय जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. "मॅप मी बदलला होता, मुनीर. तुझा बरोबर होता." मग बाकीचं सांगितलं. शनिवार, केबल, इंटरनेटवरचा मॅप, सीटखालचा डबा, तू विचारलेलं, मी नाही म्हणालेलं. क्रमानं, कारखान्यात मशीन बंद पडल्याचा रिपोर्ट देतो तसं. डोळ्यांत पाणी आलं नाही. जे होतं ते संपलं आणि मी थांबलो.

सचिननं डोळे पुसले, चपला घातल्या, थोडा वेळ माझी वाट पाहिली. म्हणाला, "चल. ऊन लई हाय."

मी म्हणालो, "थांब जरा. तो पुन्हा काय विचारतोय का बघू."